‘फॅश’ गेलिक नाही हो, फ्रेंच आहे!

शब्दखोर: काल इथे एकाने ठोकून दिलं की स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या ‘डिना फॅश यरसेल’, म्हणजे उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, यातला ‘फॅश’ अस्सल गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टिक भाषेतला. वर चाळीस लाइक! अहो, फ्रेंच ‘फाशे’ तो. चिडवणं, त्रास देणं. मागे लॅटिन ‘फास्टिडियम’, म्हणजे वीट येणं. स्कॉटलंड-फ्रान्सचा संबंध जुनाच, इंग्लंडविरुद्धची युती 1295ची. मोठ्या ताटाला तिकडे ‘ॲशेट’ म्हणतात, तेही फ्रेंच ‘असिएत’वरूनच.

बोचरी सुई: मग काय झालं? ‘फिकीर’ अरबी आहे. तुमची आजी फिकीर करायची ती अरबीत का?

शब्दखोर: शब्द त्यांचा नाही असं म्हटलंच नाहीये. मूळ गेलिक नाही, एवढंच. वाचून भांडा.

अबर्डीनकर: नवीन घरात पाइप गळत होता. घरमालकीण म्हणाली, ‘डिना फॅश’. मी ऐकलं ‘फ्लश’. दोन दिवस बादलीने पाणी ओतत होतो. तिसऱ्या दिवशी बाई प्लंबर घेऊन आली आणि बादलीकडे बघतच राहिली. व्युत्पत्ती तुम्हाला लखलाभ.

सदाशिव: पण शेवटी स्कॉट्स ही इंग्रजीची बोलीच ना? त्यावर एवढा काथ्याकूट?

तळकोकणी: आली ‘बोलीच’! स्कॉटलंडच्या 2011च्या जनगणनेत पंधरा लाखांवर लोकांनी सांगितलं, आम्हाला स्कॉट्स बोलता येतं. कोकणीबद्दलही हेच चाललं होतं. साहित्य अकादमीने 1975मध्ये स्वतंत्र भाषा मानली, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 1992ला गेली, तरी तुमचं ‘बोलीच’ सुटत नाही.

सदाशिव: तुम्ही बोलता ती मालवणी. गोव्याच्या कोकणीचं श्रेय कशाला लाटता?

तळकोकणी: शाळेत ‘खंय’ म्हटलं म्हणून हातावर पट्टी खाल्लीय मी. मास्तरांनी आधी मालवणी की कोकणी विचारलं नव्हतं.

सदाशिव: पट्टी मी मारली नाही.

तळकोकणी: सूर तोच आहे.

शब्दखोर: मंडळी, विषय फॅशचा होता...

तळकोकणी: तुमचा असेल.

कालचा लेखक: बरं बाबा, गेलिक नाही. फ्रेंच, फ्रेंच, फ्रेंच! चाळीस लाइक कुठे परत करायचे तेवढं सांगा.

सदाशिव: आणि पट्टीचं म्हणाल तर ते चूकच होतं. पण मालवणी म्हणजे कोकणी नव्हे.

तळकोकणी: वेगळो धागो काढ. थंयच येतंय.