जुन्या फोटोतले कपडे खरंच रोजचे होते का?

गोदाकाठ:
परभणीला आजोळी भिंतीवरचे फोटो पुसायला काढले. एकाच्या मागं शाईनं १९५८ लिहिलेलं. आजोबा धोतर, काळा कोट, गांधी टोपीत, आजी काठाचं लुगडं नेसून डोक्यावर पदर घेतलेली. काय रुबाब! माझं म्हणणं असंय की गरिबीत पण लोक कसे नीटनेटके राहायचे, आता आपण लग्नाला पण टीशर्टवर जायलोत, रोजच्या कपड्याचा मान आपणच घालवला.

लातूरची लेक:
अजिबात पटलं नाही. हे रोजचे कपडे नव्हतेच हो. स्टुडिओत जायचं म्हणलं की ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं निघायचं, आणि कोट तर कित्येक स्टुडिओत खुंटीलाच असायचा, येईल त्यानं अंगात घालायचा. आजोबांच्या कोटाच्या बाह्या बघा नीट, मापाच्या आहेत का? माझ्या आजीकडं रोजची दोनच लुगडी, एक अंगावर एक दोरीवर. मधे विरलं की तेवढा भाग फाडून काढायचा न् दुसऱ्या जुन्याचा धड तुकडा जोडायचा, त्याला दंड घालणं म्हणायचे. दंडाचं लुगडं नेसून कुणी फोटो काढलाय का?

गोदाकाठ:
बाह्या बघितल्या. अर्ध्या तळव्यापर्यंत आल्यात, हे मान्य. पण दंड घालून, धुऊन, नीट चापूनचोपून नेसणं हाच तर मान ना कपड्याचा? आपण एक बटन तुटलं तर शर्ट टाकून देतो.

जुनी कचेरी:
मला वेगळंच दिसतं. आमच्याकडं १९४५ चा फोटो आहे, पणजोबा वकील, अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी. निजामाच्या राज्यात कचेरीत वावरणाऱ्या हिंदूंच्या पण अंगावर हा पोशाख असायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, त्यानंतरच्या फोटोत हेच पणजोबा गांधी टोपीत. म्हणून "आपला जुना मराठी पोशाख" म्हणताना मराठवाड्यात जरा दमानं घ्यावं.

लातूरची लेक:
हे पुरुषांचं झालं. पणजीच्या अंगावर राज्य बदललेलं दिसतंय का? ४५ ला पण नऊवारी, ५० ला पण नऊवारीच असणार.

जुनी कचेरी:
आत्ता बघितलं. दोन्हीत नऊवारीच. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बालाघाट:
सत्तरच्या दशकातल्या बेलबॉटमला सगळे हसतात म्हणून लिहितो. वडलांकडं टेरिकॉटची एकच प्यांट होती, रात्री धुवायची, सकाळी वाळलेली, इस्त्रीची गरज नाही. उन्हाळ्यात घामानं मांडीला चिकटायची पण तिच्यावर त्यांनी नोकरीची पहिली दोन वर्षं काढली. फ्याशन म्हणून नाही घातली त्यांनी.

गोदाकाठ:
रोजचे कपडे फोटोत नाहीत हे आता पटायलंय. मग बघायचे कुठं?

लातूरची लेक:
वाकळेत. लुगडं दंड घालायच्या पण लायकीचं राहिलं नाही की त्याची वाकळ व्हायची. आमच्या वाकळेत एक जांभळा तुकडा आहे, आई म्हणते हे नेसून आजी खुरपायला जायची. फोटोत तर रंगच नाही.

गोदाकाठ:
आजोळी माळ्यावर एक वाकळ आहे, उंदरांनी खायच्या आत खाली काढतो. मामीला विचारतो कोणता तुकडा कुणाचा ते, तिला अजून आठवतंय.