मदत हवी आहे: नागपूर विद्यापीठात नवीन आहे, शुक्रवारच्या फेलोशिपला जाऊ का?

लॉकॉलेजचौक_नवी:
सर्वांना सलाम. एमएस्सीला नागपूरला आलेय, इथे ओळखीचं कुणीच नाही. एका सीनियर ताईंनी फेलोशिपच्या, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रार्थना-बायबल गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलंय, शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग आहे. जायची इच्छा आहे पण मनात एक अडतंय. घरी विचारलं तर बाबा "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. ताईंना आज रात्री हो की नाही ते कळवायचं आहे. कुणी गेलंय का? काय असतं तिथे? लवकर सांगा. इंटरनेटवर शोध असं सांगू नका, शोधून झालंय.

बर्डीवाला:
कोणती फेलोशिप? नागपुरात एकच आहे का? नाव, कुठे भरते, किती वाजता, काहीच लिहिलं नाही. असं कसं सांगणार बाप्पा?

ईयू_माजी:
बहुतेक ईयूच असणार, म्हणजे इव्हँजेलिकल युनियन. मी इंजिनीअरिंगची सगळी वर्षं तिथे काढली. तिची देशभरातली संघटना यूईएसआय, १९५४ साली सुरू झाली. प्रत्येक गटाचा कारभार विद्यार्थीच बघतात: गाणी कोण घेणार, वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास कोण घेणार, नव्या पोराला स्टेशनवरून आणायला कोण जाणार. शिक्षण संपलेल्यांचा वेगळा गट असतो, ईजीएफ, तो पाठीशी उभा राहतो. आठवड्याला एक मीटिंग, मधेमधे छोटी प्रार्थना, सुट्टीत शिबिर. बिनधास्त जा. माझे आजचे सगळे जवळचे मित्र तिथलेच आहेत.

फातिमा_गिट्टीखदान:
ईयूच असेल हे कशावरून? ती कॅथलिक असेल तर तिच्यासाठी आयकफ आहे, ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, १९२४ पासून. किंवा जीझस यूथ, तोही कॅथलिक तरुणांचाच गट. सेमिनरी हिल्सला किंवा सदरच्या कॅथेड्रलमध्ये फादरना भेट, ते स्वतः कुणाशी तरी ओळख करून देतील. कॅथलिक मुलामुलींनी आधी आपल्या घरात बघावं असं माझं मत आहे.

सदरकर:
पोरी, तू कोणत्या मंडळीची, म्हणजे चर्च कोणतं? गाव कोणतं? तेच लिहिलं नाहीस आणि हे लोक सल्ले देऊन राहिले.

लॉकॉलेजचौक_नवी:
गाव जालना. चर्च सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. ग्रुपचं नाव इथे लिहीत नाही, ताईंचा नंबर त्यात आहे. मीटिंग सदरच्या बाजूला, सहा वाजता. आता सांगा ना.

धरमपेठी:
मी ख्रिस्ती नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. नव्या शहरात एकट्या मुलीला गाठून कुठल्याही धार्मिक गटात ओढलं जातं तेव्हा सावध राहावं. आज गाणी, उद्या धर्म बदल. माझ्या ओळखीत असं झालंय.

लॉकॉलेजचौक_नवी:
दादा, तुमची काळजी कळली. पण आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ती आहेत, मला काय बदलायचंय? मला वर्गात "तुझं आडनाव तर मराठी आहे, मग तू ख्रिश्चन कशी" हे रोज ऐकावं लागतं. जिथे ते सांगत बसावं लागणार नाही अशी एखादी जागा हवी आहे, म्हणून जायचंय.

धरमपेठी:
हे तू आधी लिहिलं असतंस तर मी वेगळं लिहिलं असतं. तुझा धर्म पाळायचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिला आहे, त्यात कुणी बोलू नये. वर्गातल्यांचंही मनावर घेऊ नको. जा, फक्त कुठे चाललीस ते एका मैत्रिणीला सांगून जा.

सदरकर:
जालना! मग तर घरचीच तू. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं काम. त्याच मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, त्यांच्या नावाचं. आणि सीएनआय जन्मली कुठे? इथेच, नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० ला. सहा मंडळ्या एक झाल्या. माझं म्हणणं सरळ आहे: आधी रविवारी चर्चला ये, पाळकसाहेबांना भेट, तरुण संघात नाव दे. फेलोशिप त्यानंतर. चर्च नाही अन् फेलोशिप आहे, असे पोरं मी पाह्यले. शिक्षण संपलं की फेलोशिपही संपते, मग ते कुठलेच राहत नाहीत.

ईयू_माजी:
काका, आदर ठेवून सांगतो, उलटंही होतं. मी लहानपणापासून दर रविवारी चर्चला जात होतो, पण बायबल स्वतः उघडून वाचायला शिकलो ते फेलोशिपच्या खोलीत. चर्चमध्ये तरुणांना फक्त नाताळच्या नाटकात आणि खुर्च्या उचलायला बोलावतात.

सदरकर:
खुर्च्या उचलणं हीसुद्धा सेवाच आहे. आमच्या तरुण संघाने उन्हाळ्यात मेयो हॉस्पिटलच्या रांगेत पाणी वाटलंय.

हिंगणारोड:
मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताई, "मनात अडतंय" ते नेमकं काय? वेळ की भाषा? भाषेचं असेल तर मी सांगू शकते. मी यवतमाळची, मराठी शाळेतली. फेलोशिपमध्ये केरळचे, ओडिशाचे, झारखंडचे, छत्तीसगडचे. गाणी इंग्रजी आणि हिंदी. मी कितीतरी आठवडे तोंड उघडलं नाही. मग वचन वाचायची पाळी माझ्यावर आली, माझ्याकडे मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, होतं, तेच वाचलं. कुणी थांबवलं नाही. शेजारच्या मुलीने नंतर तेच वचन उडियातून वाचलं. त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या भाषेत वाचायला लागला. आता प्रार्थनाही मराठीतच करते, ज्याला कळत नाही तो आमेन म्हणतो.

लॉकॉलेजचौक_नवी:
भाषेचंही आहेच, बरं वाटलं वाचून. पण अडतंय ते वेगळं. ताई स्वभावाने खूप चांगल्या आहेत, मला मेस शोधून दिली, नोट्स दिल्या. पण त्यांनी विचारलं, "तुझा बाप्तिस्मा झालाय का?" मी म्हटलं हो, लहानपणी, आणि दहावीनंतर दृढीकरणही झालं, म्हणजे चर्चमध्ये सर्वांसमोर स्वतः विश्वास कबूल केला. तर म्हणाल्या, "तो नाही गं, स्वतः विश्वास ठेवून, पाण्यात बुडून घेतलेला." आणि रविवारी त्यांच्या चर्चला यायचा आग्रह आहे. तेव्हापासून डोकं भणभणलंय. बाबांना हे सांगितलं तर ते मला परत बोलावतील.

ईयू_माजी:
हे आधी सांगायचं ना! हे फेलोशिपचं काम नाहीच. विद्यार्थ्यांची फेलोशिप म्हणजे चर्च नव्हे. तिथे सगळ्या मंडळ्यांची मुलं येतात, मेथॉडिस्ट, मार थोमा, पेन्टेकॉस्टल, सीएनआय. बाप्तिस्मा कुणाचा खरा हा वाद तिथे काढायचा नसतो. ताईंचं ते वैयक्तिक मत आहे.

जीवनजल:
मत कसलं? वचनात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा असाच क्रम आहे. बाळाला काय कळतं? मी स्वतः मोठेपणी घेतला, माझं आयुष्य बदललं. बहिणीने शांतपणे बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचावं, अध्याय ८.

सदरकर:
त्याच पुस्तकाचा अध्याय १६ पण वाचा. तुरुंगाच्या नायकाचा घरच्या सर्वांसकट बाप्तिस्मा झाला. आणि पोरी, तुला पक्कं सांगतो, सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. एकीकरणात बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, डिसायपल्स होते, अँग्लिकन होते, म्हणून दोन्ही रीती सीएनआयच्या घटनेतच ठेवल्या. एकदा झालेला बाप्तिस्मा मंडळीने मान्य केलाय, तो पुन्हा घ्यायचा नसतो. तुझा झालाय. पूर्ण झालाय.

जीवनजल:
मंडळीने मान्य केलं म्हणजे देवाने केलं का?

फातिमा_गिट्टीखदान:
आम्हीही बाळांनाच देतो. मग जगातले सगळे कॅथलिक बाप्तिस्म्याशिवायचेच का? असं बोलणं दुखावणारं आहे.

जीवनजल:
मी कुणाला दुखवायला नाही लिहिलं, माझी साक्ष दिली.

संपादक:
बाप्तिस्म्यावर वेगळा धागा उघडावा. इथे धागाकर्तीला आज रात्री निर्णय घ्यायचा आहे, त्यावर लिहा.

वसतिगृह_पालक:
माझी मुलगी गेल्या वर्षी नागपूरला होती. एक आई म्हणून लिहिते, पहिल्या सत्रात कुठेच अडकू नकोस. प्रॅक्टिकल, सेमिनार, त्यात जर्नल. मार्क गेले की कोणतीच फेलोशिप भरून देत नाही. आणि लॉ कॉलेज चौकात चष्म्याचं चांगलं दुकान कोणतं ते कुणाला माहीत असेल तर सांगा, तिच्या धाकट्या भावाला लागणार आहे.

बर्डीवाला:
काकू, चष्मा सीताबर्डीत घ्या. ताई, तू राहतेस कुठे? सदरला सहाला मीटिंग म्हणजे सुटणार आठला. हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद?

लॉकॉलेजचौक_नवी:
खाजगी हॉस्टेल, शंकरनगरजवळ. गेट आठला बंद.

बर्डीवाला:
मग हाच खरा प्रश्न आहे नं! बाकी सगळे देवाधर्मावर भांडून राहिले. शंकरनगर चौकातून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदल, कस्तुरचंद पार्कला उतर, पुढे ऑटो. परतीचं धरून सव्वासातला उठावंच लागेल. ताईंना आधीच सांग, मी सव्वासातला निघणार. नाहीतर वॉर्डनकडून लेखी परवानगी घे. फोनवर घेतलेली परवानगी गेटवरचा वॉचमन मानत नाही, त्याला कागद लागतो.

हिंगणारोड:
हे बरोबर आहे. आणि लवकर निघते म्हटल्यावर ते कसे वागतात तेही बघ. आमच्या फेलोशिपमध्ये अशा मुलींसाठी गाणी कमी करून वचन आधी घ्यायला लागले, आणि दोघी जणी मेट्रोपर्यंत सोडायला यायच्या. जो गट निघताना अडवतो, "अजून एक प्रार्थना" म्हणत बसवून ठेवतो, घरी सांगू नको म्हणतो, किंवा पहिल्याच महिन्यात पैसे मागतो, तिथे मी जाणार नाही. घरी सांगू नको असं म्हणाल्या का ताई?

लॉकॉलेजचौक_नवी:
नाही नाही. उलट म्हणाल्या बाबांशी मी बोलते.

हिंगणारोड:
मग माणूस सरळ आहे. त्यांना तोंडावर सांग: शुक्रवारी येते, रविवारी माझ्या सीएनआय चर्चला जाणार, आणि बाप्तिस्म्याबद्दल मी माझ्या पाळकांशीच बोलेन. एवढं ऐकून त्या पहिल्यासारख्याच वागल्या तर तुला मोठी बहीण मिळाली. आणि बाबांना मोघम विचारू नको. "फेलोशिपला जाऊ का" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल कुणास ठाऊक. "रविवारी ऑल सेंट्सला उपासनेला जाणार आहे, आणि शुक्रवारी मुलामुलींचा बायबल अभ्यास आहे, सव्वासातला परत निघणार" असं सांग.

सदरकर:
ही पोरगी शहाणी आहे. माझं आधीचं म्हणणं कायम आहे, पण दोन्ही एकाच आठवड्यात होत असेल तर माझी ना नाही. रविवारी ये, दारात जो वडीलधारा गीतांची पुस्तकं देतो त्याला जालन्याची म्हणून सांग. विषय कोणता तुझा?

लॉकॉलेजचौक_नवी:
भूगर्भशास्त्र. ताईंना आत्ता मेसेज केला. "ये गं, तुला सोडायला मी येईन" म्हणाल्या. रविवारचं काही बोलल्या नाहीत. बाबांना उद्या सकाळी फोन करते.

सदरकर:
भूगर्भशास्त्र! अगं, हिस्लॉपसाहेब स्वतः खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडायचे. नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर त्यांनी लिहून ठेवलंय, हिस्लोपाइट हे खनिजाचं नाव त्यांच्यावरूनच आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दगडांची वर्तुळं, पाहून परतताना ओढ्याच्या पाण्यात बुडून गेले. तुमच्या फील्डवर्कला पावसाळ्यात नाले ओलांडताना जपून.

लॉकॉलेजचौक_नवी:
शुक्रवारी जाऊन आले. बाबांना फोन केला होता, सगळं सांगितलं, बाप्तिस्म्याचंही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले तुझ्या दृढीकरणाचा दाखला फोटो काढून पाठवतो, जवळ ठेव. परत बोलावलं नाही.

खोली छोटी होती, चपला बाहेर जिन्यात, सतरंजीवर गोल करून बसलो. दोन गिटार, एका पोराने डफली आणली होती. बायबलमधल्या लूकचा पंधरावा अध्याय होता, हरवलेला मुलगा, घर सोडून गेलेला धाकटा परत येतो ती गोष्ट. झेरॉक्सवर प्रश्न होते, त्यातला एक, थोरला भाऊ घराबाहेर का उभा राहिला. त्यावर इतकं बोलले सगळे! एका छत्तीसगडच्या मुलाने सांगितलं की तो स्वतः घरातला थोरला आहे आणि त्याला हा भाऊ बरोबर वाटतो. कुणी त्याला गप्प केलं नाही. मी मराठीतून वाचलं. सव्वासातला उठले, ताई आणि अजून एकजण मेट्रोपर्यंत आल्या. बाप्तिस्म्याचं मी माझ्या बाजूने सांगून टाकलं. त्यांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, पण पुढच्या शुक्रवारी ये म्हणाल्या. मी जाणार आहे. रविवारी ऑल सेंट्सलाही येतेय, सदरकर काका, उपासना मराठीतून किती वाजता असते?

सदरकर:
पोरी, वेळ सणावारी बदलते, शनिवारी संध्याकाळी फाटकावरच्या फळ्यावर लिहितात. मी वाचून इथेच टाकतो.

वाडी_फाटा:
माझा भाऊ वानाडोंगरीला इंजिनीअरिंगला लागलाय. आम्ही मेथॉडिस्ट. तिकडे मुलांची फेलोशिप आहे का? त्याला सुट्टी फक्त रविवारी असते.

हिंगणारोड:
आहे, मी तिथलीच. वेगळा धागा काढा, आणि कोणतं वर्ष, हॉस्टेल की घरून ये-जा, ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.