किडनी बदललेल्या भावाला गजकर्ण झालंय, सोलापुरात कुठं दाखवू?

नमस्कार मंडळी. थोरल्या भावाची किडनी बदलून चौदा महिने झाले. आईनं दिली, ऑपरेशन पुण्यात झालं. दादा आधी टॉवेलच्या मागावर होता, आता तिथंच बसून घड्या घालायचं काम करतो. ऊन वाढल्यापासून जांघेत आणि कमरेला, नाडी बसते तिथं, गोल चट्टे उठलेत. कड लाल, मधली कातडी साफ. रात्रभर खाजवतो. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत बरं वाटलं, सोडल्यावर दुप्पट पसरलं. आता दुकानदारानं बुरशीवरच्या इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्यात. अजून दिल्या नाहीत दादाला. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. पुण्याची तारीख पुढच्या महिन्यात. काय करू?

प्रतिसाद १
दादा, ती गोळी आज देऊ नका. माझी स्वतःची किडनी बदललेली आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. पाठीवर शिबं उठलं म्हणून मी कुणाला न विचारता फ्लुकोनाझोल, तीही बुरशीचीच गोळी, घेतली होती. आठवड्यात हात इतके थरथरायला लागले की बशीतला चहा सांडायचा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, वाढलं की वाईट) १.३ वरून २.१ वर गेलं. टॅक्रोलिमस यकृतात ज्या एन्झाइमनं मोडतं, त्यालाच या गोळ्या अडवतात. मग रक्तात औषध साचतं आणि जपायची ती किडनीच मार खाते. उलटंही होतं: डोस कमी केलेला असताना बुरशीची गोळी बंद झाली की लेव्हल, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण, खाली येते आणि शरीर किडनी नाकारू शकतं. म्हणून चालू करताना आणि बंद करतानाही लेव्हल बघावीच लागते. त्यासाठी रक्त सकाळच्या टॅक्रोलिमसच्या गोळीच्या आधी द्यायचं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना मी ती गोळी रक्त देईपर्यंत न घेता सोबत ठेवतो. आणि पपनस घरात आणू नका, त्यानंही लेव्हल वाढते.

प्रतिसाद २
त्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. स्टेरॉइडनं खाज दबते, बुरशी आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप बदलून डॉक्टरही फसतात. सिव्हिलच्या स्किन ओपीडीत जा, कडेची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. चट्टे थोडे असतील तर बऱ्याचदा नुसत्या मलमावर भागतं, फक्त चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं आणि दिसेनासं झालं तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. गोळी लागलीच तर टर्बिनाफिनचा टॅक्रोलिमसशी तसा झगडा नसतो, पण क्रिएटिनिन बघूनच ठरवतात. ते पुण्याच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रतिसाद ३
घरात आणखी कुणाला खाज आहे का ते आधी विचारा, भाऊ. आमच्याकडं ह्यांचं तीनदा उलटलं, मग कळलं की धाकट्यालाही होतं आणि टॉवेल एकच. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड, कपडे साठतात, हे खरंय. तरी त्यांची चड्डी-बनियन रोज वेगळी धुऊन कडक उन्हात घाला. आणि काटाबिटा रुतून पायावर न दुखणारी गाठ आली तर तिला गजकर्ण समजून मलम चोळत बसू नका. तिचा तुकडा काढून तपासावा लागतो.

धागाकर्ता
ट्यूबवर क्लोबेटासोलच निघालं. पुण्याला फोन केला, फोटो पाठवले. त्यांनी गोळीला नाही म्हटलं, नुसतं मलम दिलंय आणि शुक्रवारी लेव्हल करायला सांगितलीय. उद्या सकाळी सिव्हिलला जातोय. ताई, तुमचं वाचून आईला विचारलं. तिच्याही काखेत आहे, लाजून बोलली नव्हती. तिलाही सोबत नेतो.