आयईएलटीएस स्पीकिंग, भाग २: पन्नास सेकंदांतच बोलणं संपतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजी भाषेची परीक्षा, तीन आठवड्यांवर आली आहे आणि स्पीकिंगच्या दुसऱ्या भागाने झोप उडवली आहे. मागच्या वेळी स्पीकिंगमध्ये ६ बँड मिळाला (या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात). मला ७ हवा आहे, नर्स म्हणून नोंदणी व्हायची ती त्याच एका आकड्यापाशी अडली आहे. बाकी तिन्ही पेपरांत हवे तेवढे बँड मिळाले होते, म्हणून हे जास्तच मनाला लागलं.

ज्यांनी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पीकिंगची मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते. सुरुवातीला स्वतःबद्दलचे साधे प्रश्न, शेवटी चर्चा. मधल्या भागात परीक्षक एक कार्ड देतात, सोबत कागद आणि पेन्सिल. कार्डावर विषय आणि त्याखाली चार मुद्दे. विचार करायला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं एकटीने बोलायचं. समोरचा माणूस मध्ये काही विचारत नाही, नुसता ऐकत असतो. माझं घोडं तिथेच अडतं. दिवसभर पेशंटशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी बोलणारी बाई मी, कोणी विचारलं की उत्तर देता येतं. कोणी विचारतच नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

काल टायमर लावून सराव केला. कार्ड असं होतं: बरीच वर्षं जपून ठेवलेल्या एखाद्या वस्तूबद्दल बोला. ती काय आहे, कोणी दिली, किती वर्षं तुमच्याकडे आहे आणि ती महत्त्वाची का वाटते. रेकॉर्डिंग ऐकून मी इंग्रजीत काय बोलले ते मराठीत उतरवते:

"मी माझ्या घड्याळाबद्दल बोलणार आहे. ते मला वडिलांनी दिलं. त्याला नऊ वर्षं झाली. त्याचा पट्टा तपकिरी आहे. मी ते रोज घालते. मला ते खूप आवडतं, कारण ते वडिलांनी दिलं आहे. ते माझ्यासाठी खूप खास आहे. खूप महत्त्वाचं आहे."

४८ सेकंद, त्यातही अडखळणं धरून. पुढे टायमर चालूच, मी गप्प. तयारीच्या एका मिनिटात मी कागदावर पूर्ण वाक्यं लिहायला घेतली होती, ती अडीच झाली.

माझे प्रश्न: चारही मुद्द्यांना सारखा वेळ द्यायचा का? दोन मिनिटं भरली नाहीत तर बँड कमी होतो का? आणि एका ओळखीच्या व्यक्तीने वीस-पंचवीस विषयांची तयार उत्तरं पाठ करायला सांगितली आहेत. करू का?

प्रतिसाद १

पाठ करू नका, कळकळीने सांगते. मी केली होती. पाठ केलेलं सुरू झालं की आवाजाची पट्टीच बदलते, आपण शाळेत कविता म्हणायचो तशी, आणि परीक्षकांना ते ओळखायचं प्रशिक्षण असतं. वर शेवटची चर्चा त्याच विषयाच्या अंगाने होते. तिथे आपलं खरं इंग्रजी बाहेर पडतं आणि फरक लगेच उघडा पडतो. एक शब्द विसरला की पुढचं सगळंच जातं, ते वेगळंच.

प्रतिसाद २

मी काही वर्षं या परीक्षेची तयारी करून घेतो आहे. रचनेबद्दल सांगतो, पण आधी तुम्ही एक करा. इंग्रजी बाजूला ठेवा, कार्डही विसरा. त्या घड्याळाचा एखादा प्रसंग आठवतो का? आठवत असेल तर इथेच मराठीत लिहा.

धागाकर्ती

आठवतो की. पहिली नाइट ड्यूटी होती. एका आजींची नाडी मोजायची होती. कॉलेजात शेकडो वेळा मोजली असेल, पण त्या रात्री माझाच हात थरथरत होता. सेकंदकाटा बारावर यायची वाट बघत होते आणि तो आला तेव्हा मोजायचंच विसरले, परत पूर्ण फेरा होईपर्यंत थांबले. आजी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "घड्याळ छान आहे गं, कोणी दिलं?" बाबांनी दिलं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग घाबरतेस कशाला?" पुढच्या ३० सेकंदांत मी नीट मोजली, दुप्पट केली, तक्त्यावर लिहिली. आता वॉर्डात मशीन आहे, बोटाला लावलं की आकडा दिसतो. तरी ठोके अनियमित वाटले तर मी पूर्ण ६० सेकंद त्याच घड्याळावर मोजते.

प्रतिसाद २

हेच तुमचं दोन मिनिटांचं बोलणं. कोणी वेळ लावला नव्हता, मुद्दे दिले नव्हते, तरी तुम्ही कुठेही अडखळला नाहीत.

कालच्या सरावात तुम्ही कार्डाला प्रश्नपत्रिका समजलात. चार प्रश्न, चार उत्तरं, विषय संपला. "कोणी दिली" याचं उत्तर तीन शब्दांत संपतं, ते ताणून कोणालाच लांबवता येत नाही. मग आपण "खूप खास, खूप महत्त्वाचं" असं घोळवत बसतो. ६ बँडच्या वर्णनात नेमकं हेच आहे: लांब बोलायची तयारी दिसते, पण पुनरुक्ती, अडखळणं आणि स्वतःला दुरुस्त करणं यांमुळे मधूनमधून सूत्र सुटतं. ७ च्या वर्णनात लांब बोलताना कष्ट जाणवत नाहीत.

तेव्हा चारही मुद्द्यांना सारखा वेळ अजिबात देऊ नका. काय, कोणी, किती वर्षं हे तिन्ही मिळून २५-३० सेकंदांत उरका. तिथून सरळ त्या रात्रीत शिरा. थरथरणारा हात, सुटलेला फेरा, आजींचा प्रश्न, हे सगळं सावकाश सांगा, पाऊण मिनिट सहज जाईल. मग मशीनपाशी या, म्हणजे वर्तमानात. "का महत्त्वाची" हे तिथे आपोआप येतं, कारण मशीन असूनही तुम्ही घड्याळ बघता. थोडा वेळ उरला तर पुढचं बोला, पट्टा बदलणार का, पुढे कोणाला देणार. भूतकाळ, वर्तमान, भविष्य असा प्रवास झाला की व्याकरणाची विविधताही ओढूनताणून आणावी लागत नाही.

गुण चार गोष्टींना असतात आणि चौघांचं वजन सारखं: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. हकिकत खरी आहे की नाही हे कोणी तपासत नाही. विषय सोडून भरकटू नका, एवढं पाळा. दोन मिनिटांनी परीक्षक थांबवतात ते नियमाप्रमाणे, वाक्य अर्धं राहिलं तरी त्याचं नुकसान नाही. लवकर थांबलात तर आणखी बोला असं सुचवतात, पण तेव्हा नवीन धागा सुचणं अवघड जातं. म्हणून मधला प्रसंग भरीव ठेवा.

आणि कागदावर वाक्य एकही नको. तुमच्या हकिकतीतले आठ-दहा शब्द खाली-खाली लिहा. नाम किंवा क्रियापद असेल असेच शब्द घ्या, "स्पेशल", "इम्पॉर्टंट" असले नकोत. "स्पेशल" वाचून पुढचं वाक्य सुचत नाही, "शेकिंग हँड" वाचून सुचतं.

धागाकर्ती

आज सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या करून बघितलं. कागदावर एवढंच लिहिलं: फादर, नर्सिंग कॉलेज, फर्स्ट नाइट, पल्स, शेकिंग, मिस्ड, ओल्ड लेडी, व्हाय अफ्रेड, मशीन नाऊ, स्टिल. १ मिनिट ४६ सेकंद! आजींचं वाक्य इंग्रजीत सांगताना गळा भरून आला आणि तिथे थोडी थांबले, पण तो थांबा रेकॉर्डिंगमध्ये वाईट वाटला नाही.

एक चूक मात्र पुन्हा पुन्हा होते. सुरुवात भूतकाळात करते आणि आजींपाशी आले की "शी लुक्स अ‍ॅट मी, शी सेज" असं वर्तमानकाळात बोलते. नंतर परत "आय काउंटेड". लक्षात येईपर्यंत वाक्य गेलेलं असतं.

प्रतिसाद ३

हे आपल्या मराठीतून येतं हो. गोष्ट रंगात आली की आपण "मी तिथे उभी, आजी माझ्याकडे बघतात, मला म्हणतात" असं अगदी सहज बोलतो, त्यात चूक काहीच नाही. तीच सवय इंग्रजीत उतरते. इंग्रजीतही गप्पांमध्ये लोक असं बोलतात, पण एकाच प्रसंगात मागे-पुढे उड्या मारल्या की ती चूकच दिसते.

मी असं केलं होतं: प्रसंगातली क्रियापदंच भूतकाळात कागदावर लिहायची. तुमच्या यादीत "शेकिंग"ऐवजी "शुक", "मिस्ड" आहेच, आजींपुढे "आस्क्ड". आणि "मशीन नाऊ"च्या वर एक आडवी रेघ मारा. रेघेच्या वर सगळं भूतकाळात, खाली वर्तमानात. बोलताना नजर कागदावर गेली की रेघ दिसते. तरीही एखादं चुकलं तर एकदाच दुरुस्त करून पुढे जा, मागे फिरून अख्खं वाक्य परत म्हणू नका.

धागाकर्ती

रेघेची युक्ती आज रात्रीच करते. घड्याळाचं कार्ड आता बाजूला ठेवून रोज नवीन कार्ड घेणार आहे, आधी मराठीत प्रसंग आठवायचा आणि मग टायमर. परवा "गर्दीची जागा" हे कार्ड आहे आणि त्यावर अजून प्रसंग सापडलेला नाही. सापडला की इथेच लिहिते, अडले तर पुन्हा विचारीन.