घरी पिकवलेलं टिकवता कसं? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, रोप कसं लावलं, माती कशी केली, कीड कशी घालवली यावर आपण पुष्कळ बोलतो. पण शेवगा एकदम लगडतो, लिंबाखाली सडा पडतो, दोडके खाऊन संपत नाहीत, तेव्हा पुढे काय करता हे फारसं कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या टिकाऊ शेती-बागेची, मांडणी केली. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब कसं भागवता येईल हे मांडलं. माझ्या मते तो हिशोब पीक हाती आल्यावर थांबत नाही, वर्षभर पुरवायचा असतो. गाव कुठलं, ऊन किती, काय टिकवलं, कशात ठेवलं आणि बी राखलं का, एवढं जरूर लिहा.

गुहागर तालुका

आमच्या परसात माडांच्या सावलीत रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, आहेत. झाड एकदा मोठं झालं की पाणी मागत नाही, खत मागत नाही. एप्रिल-मेमध्ये फळं लाल-जांभळी होतात आणि तिथून पावसाशी शर्यत सुरू होते.

सासूबाई फळ मधोमध फोडतात, बिया गरासकट एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. गराला मीठ लावलं की रस सुटतो. सालं त्या रसात बुडवून उन्हात पसरायची, दुसऱ्या दिवशी परत रस, परत ऊन. अशी चार-पाच पुटं चढली की साल काळपट आणि चिवट होते. चांगलं आमसूल वाकतं, मोडत नाही. बाजारात रंगाने लाल दिसणारं मिळतं, त्याला ही चव नाही हे मी ठामपणे सांगते.

बियासुद्धा टाकत नाही. वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. निवल्यावर ते थिजतं, मग हाताने त्याचे गोळे वळतो. टाचांच्या भेगांना यासारखं औषध नाही.

नवीन लावणाऱ्यांनी कलमच घ्यावं. बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, पत्ता लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात लवकर तयार होते, त्यामुळे वाळवण पावसाच्या आत उरकतं.

ठाणे, चौथा मजला

आमच्या बाल्कनीत ऊन सकाळचंच, ते पण तीनेक तास. टोमॅटोचा नाद सोडला आणि हळद लावली, तिला अर्धी सावली चालते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली गेली, ते वाचून मीही पालापाचोळा आणि भाजीची देठं यांवरच भर दिला. नुसत्या मातीने भरलेल्या कुंडीपेक्षा अशी कुंडी पुष्कळ हलकी होते, इमारतीत हे फार महत्त्वाचं.

जूनच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत कोंब आलेले तुकडे पुरते. श्रावणात त्याच पानांवर पातोळ्या होतात. पौष-माघात पानं पिवळी पडून माना टाकतात, मग कुंडी उलटी करते. ओल्या हळदीचं लिंबाच्या रसातलं लोणचं फ्रीजमध्ये ठेवते, उरलेल्या चकत्या उन्हात वाळवून मिक्सरमधून काढते. काही गड्डे कोरड्या वाळूत ठेवले की पुढच्या वर्षीचं बेणं घरचंच.

एक विचारायचं होतं. यंदा गच्चीवर दोडका लावला आहे. त्याचं बी घरी कसं राखायचं?

फोंडा, गोवा

आमचं कुळागर आजोबांपासूनचं. वर माड नि सुपारी, त्यांच्या अंगावर मिरी, मध्ये केळ आणि जायफळ, खाली अननस, मधून झरीच्या पाण्याचा पाट. पर्माकल्चरच्या वर्गात जे थर शिकवतात ते इथे लहानपणापासून पाहिले. टिकवायचं म्हणाल तर फणस. कच्चे गरे मिठाच्या पाण्यात बरणीत बुडवून ठेवतो, पावसाळ्यात भाजीला येतात. आठळ्या कोरड्या मातीत पुरल्या की महिनोन् महिने राहतात.

अमरावती

आमच्याकडे कोहळा. देठासकट काढला, साल कुठे खरचटली नाही, तर हवेशीर जागी टांगून कित्येक महिने तसाच राहतो, काही करावं लागत नाही. सांडगे करायचे तर कीस पिळून, वाटलेली उडदाची डाळ नि मिरची घालून कापडावर. उन्हाळ्यातलं आमचं ऊन बाकीचं काम करतं.

न्यू जर्सी

इथे शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे रोपं करपवणारं गोठलेलं दव, मेच्या मध्यापर्यंत येऊ शकतो, म्हणून जे काही ते तिथून ऑक्टोबरपर्यंत. ऑगस्टमध्ये टोमॅटो आवरत नाहीत. ते बरण्यांत भरते, पण एक कळकळीने सांगते: भाजी नुसती उकळून हवाबंद करू नका. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत आणि आंबट नसलेल्या, हवाबंद बरणीत त्यांना रान मोकळं मिळतं. टोमॅटोच्या साधारण ९५० मिलीच्या बरणीला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायचा. बाटलीतलाच, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. मग भरलेली बरणी उकळत्या पाण्यात कृतीत सांगितलेला वेळ ठेवायची. फरसबीसारख्या भाज्यांना प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे दाबाखाली साध्या उकळीपेक्षा जास्त तापवणारं बरण्यांचं भांडं.

लातूर

आमच्याकडं पाणी कमी, ऊन भरपूर, त्यामुळं सगळी भिस्त वाळवणावर. हरभरा फुलावर यायच्या आत शेंडे खुडायचे. त्यानं झाडही फुटतं. खुडताना पानांवरची आंब बोटांना लागते, कातडी चरचरते, तीच आंब भाजीला चव देते. पाला सावलीत वाळवून डब्यात भरायचा. वैशाखात मंडईत पालेभाजी महाग झाली की मूठभर पाला, तुरीची डाळ, शेंगदाण्याचा कूट आणि लसणाची सढळ फोडणी. सोबत भाकरी. गवार आणि कारल्याच्या काचऱ्याही अशाच ठेवतो.

ठाण्याच्या ताईंना: बी गावरान हवं, हायब्रीडचं राखून उपयोग नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. शेजारी घोसाळं असलं तर मिसळ होऊ शकते, म्हणून दुपारीच एक मादी कळी आणि एक नर कळी दोऱ्यानं हलकी बांधायची. मादी कळीमागं बारीक दोडका असतो, त्यावरून ओळखायची. उमलायच्या वेळी सोडून नर फूल मादीवर फिरवायचं आणि मादी फूल परत बांधायचं. तो दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवल्यावर आत बी खुळखुळलं की उतरवायचा. बी राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती असंच गावरान बी जपल्याबद्दल. त्यांचं काम पाहून आमच्या गल्लीतल्या बायकांनी आता वाणं वाटून घेतली आहेत, माझ्याकडं दोडका आणि वाल. हवं असेल तर मृगाच्या आत कळवा, टपालानं पाठवते.