संवेदनशील इअरफोनसाठी खिशात मावणारा ॲम्प कसा निवडावा?

विचारणा : बोरिवली_स्लो

नमस्कार मंडळी,

मी रोज बोरिवली ते चर्चगेट असा प्रवास करतो. ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायन, आणि तेही दोन वेळांना : येता-जाता गाडीत आणि रात्री घरातली माणसे झोपल्यावर. गेल्या दिवाळीत थोडे पैसे बाजूला काढून मी बॅलन्स्ड आर्मेचर या फार संवेदनशील जातीचे इअरफोन घेतले. प्रत्येक कानात चार ड्रायव्हर (आवाज काढणारे बारीक भाग) आहेत आणि खोक्यावर १६ ओहम, ११२ डेसिबल प्रति मिलिवॅट असे छापले आहे. माझ्या फोनला ३.५ मि.मी.चे छिद्र नाही. घरी लॅपटॉपला जोडायला माझ्या मामेभावाने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, पत्र्याच्या डबीत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा ॲम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणारे यंत्र) करून दिला आहे. आत ओपीए २१३४ ही चिप आहे. जुन्या मोठ्या हेडफोनवर तो फारच छान वाजत असे.

नव्या इअरफोनवर मात्र दोन अडचणी येतात. पहिली अशी, की गाणे सुरू नसतानाही कानात सतत बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज राहतो, आणि विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, जिथे तानपुऱ्याखेरीज काहीच नसते, तिथे तो फार टोचतो. दुसरी अशी, की बटण जरासे फिरवले तर आधी फक्त डावा कान वाजतो, आणखी केसभर फिरवले की दोन्ही कान एकदम मोठ्याने वाजू लागतात. मधली जागाच सापडत नाही.

आता दहा हजारांच्या आत प्रवासासाठी नवा पोर्टेबल ॲम्प घ्यावा असा विचार आहे. दुकानात एकाने ३०० मिलिवॅटचा, ४.४ मि.मी. बॅलन्स्ड जोडणीचा ॲम्प सुचवला. ‘ताकद जास्त असली की आवाज मोकळा होतो’ असे त्याचे म्हणणे. हे खरे आहे का? आणि निवड करताना नेमके काय पाहावे?

उत्तर : रोधक

आपण दिलेले दोन आकडे पुरेसे आहेत, म्हणून आधी हिशेब मांडतो आणि मग सल्ल्याकडे वळतो.

११२ डेसिबल प्रति मिलिवॅट म्हणजे एका मिलिवॅटमध्ये हे इअरफोन ११२ डेसिबल इतका, कान बधिर करणारा आवाज देतात. १६ ओहमवर एक मिलिवॅट म्हणजे सुमारे ०.१२६ व्होल्ट, यावरून एका व्होल्टला साधारण १३० डेसिबल असे उत्तर निघते. रात्री निवांत ऐकताना सरासरी पातळी ७०-८० डेसिबल असते. ८० डेसिबलसाठी आपल्याला लागतात फक्त ३.२ मिलिव्होल्ट. एखादी तान अचानक वर गेली आणि १०० डेसिबलला टेकली, तरी ३२ मिलिव्होल्ट, म्हणजे मिलिवॅटचा सोळावा हिस्सा. आता ३०० मिलिवॅटचे काय करायचे ते आपणच ठरवा. ती ताकद २५०-३०० ओहमच्या किंवा प्लेनर जातीच्या, चालवायला जड हेडफोनसाठी ठीक आहे. आपल्या इअरफोनपुढे ती म्हणजे तुळशीला अग्निशमन दलाच्या नळाने पाणी घालण्यासारखे आहे.

आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा उलट्या टोकाचा आहे : काहीच वाजत नसताना ॲम्पच्या तोंडातून किती मायक्रोव्होल्ट बाहेर पडतात. १० मायक्रोव्होल्टचा गोंगाट आपल्या इअरफोनवर ३० डेसिबल होतो, २ मायक्रोव्होल्टचा १६ डेसिबल. कानात नीट बसलेला इअरफोन बाहेरचा आवाजही बराच अडवतो, त्यामुळे शांत खोलीत ३० डेसिबलची सरसर स्पष्ट ऐकू येते; १६ असेल तर बहुतेकांना मुद्दाम कान देऊनच शोधावी लागते.

जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो, पण काढता येतो. ‘२ व्होल्ट, सिग्नल-टु-नॉईज १२० डेसिबल’ असे लिहिले असेल तर गोंगाट २ व्होल्टच्या खाली १२० डेसिबल, म्हणजे २ मायक्रोव्होल्ट. तीच १२० डेसिबलची फुशारकी ४ व्होल्टच्या बॅलन्स्ड जोडणीबद्दल असेल तर गोंगाट ४ मायक्रोव्होल्ट झाला, म्हणजे आपल्या दृष्टीने वाईटच. फक्त तो आकडा आतल्या चिपचा आहे की अख्ख्या यंत्राचा, हे तपासून घ्या. विक्रेते चिपचा छापून मोकळे होतात.

आता आपल्या डबीबद्दल. बटण फिरवल्यावर ‘सूं’ कमी-जास्त होतो का? होत नसेल, तर तो लॅपटॉपचा नसून बटणानंतर येणाऱ्या चिपच्या टप्प्याचा आहे. नऊ व्होल्टच्या डबीतल्या ॲम्पचा जो आराखडा वर्षानुवर्षे हातोहात फिरत आला आहे, त्यात फीडबॅकला १० किलोओहम आणि जमिनीकडे (ग्राउंड) १ किलोओहम असे रोधक (रेझिस्टर) असतात, म्हणजे गेन, अर्थात सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, ११ पट. ओपीए २१३४चा स्वतःचा गोंगाट श्राव्य पट्ट्यात साधारण सव्वा मायक्रोव्होल्ट धरला, तर अकरा पटीने तो १३-१४ मायक्रोव्होल्ट होतो. आपल्याला जे ऐकू येते आहे ते हेच असावे.

मामेभावाला सांगून दोन्ही वाहिन्यांतले १० किलोओहमचे रोधक काढून १ किलोओहमचे लावा. गेन २ होईल आणि गोंगाट सुमारे अडीच मायक्रोव्होल्टवर येईल. ही चिप इतक्या कमी गेनलाही स्थिर राहते. दोन रोधकांचा खर्च चहाच्या कपाहून कमी आहे.

उत्तर : मंद्रसप्तक

रोधक यांचा हिशेब मान्य आहे. त्यात आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे ॲम्पच्या तोंडाशीच असलेल्या विद्युत अडथळ्याची, भर घालतो, कारण बॅलन्स्ड आर्मेचरच्या बाबतीत तीच गोष्ट सूर बदलून टाकते.

खोक्यावरचे १६ ओहम हे एका वारंवारतेवरचे असतात. अनेक ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर (त्यांच्यात खालचे-वरचे सूर वाटून देणारी जोडणी) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स सरळ रेषेत राहत नाही. खर्जात ३० आणि वरच्या पट्टीत ८ ओहम असे चढउतार सहज असतात. समजा ॲम्पचा किंवा लॅपटॉपच्या छिद्राचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम आहे. मग ३० ओहमच्या जागी सिग्नल अडीच डेसिबलने पडतो आणि ८ ओहमच्या जागी सातने. साडेचार डेसिबलचा हा फरक म्हणजे कुणीतरी न विचारता टोन कंट्रोल फिरवल्यासारखे झाले : वरचे पडदे दबतात, तानपुऱ्याच्या जवारीची झिलई जाते आणि आपण गायकाला किंवा इअरफोनला दोष देत बसतो. तोच इम्पीडन्स १ ओहम असेल तर फरक पाऊण डेसिबलच्या आत राहतो. म्हणून एक ओहम किंवा त्याहून कमी, ही माझी पहिली अट, गोंगाट दुसरी, ताकद यादीतच नाही. बॅलन्स्ड जोडणीत प्रत्येक कानाला एकमेकांच्या उलट चालणारे दोन ॲम्प लागतात, त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स दुप्पट होतो आणि गोंगाटही थोडा वाढतो. आपल्या इअरफोनला ४.४ मि.मी.च्या वाटेला नेण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

बाजारात ‘आवाज कमी करणारी’ छोटी पिन मिळते, तिच्याबद्दल सावध करतो. तिच्यात ७५ ओहमसारखा एकच रोधक ओळीत घातलेला असेल तर सरसर कमी होते खरी, पण वर सांगितलेला सगळा घोटाळा कित्येक पटींनी वाढतो. दोन रोधकांचा विभाजक असलेली पिन निराळी : ती व्होल्टेजही कमी करते आणि इअरफोनला दिसणारा इम्पीडन्सही कमी ठेवते.

दुकानात ऐकून पाहताना बहुतेक जण हमखास फसतात. गाणे थांबवून कान लावला आणि शांतता ऐकू आली, म्हणून खूश होऊ नका. कित्येक डाँगल (फोनच्या यूएसबी तोंडाला लावायचे छोटे ॲम्प) सिग्नल बंद झाला की काही सेकंदांत आपला आउटपुटच मिटवून घेतात. त्यासाठी एक-दोन मिनिटांची संपूर्ण निःशब्द फाइल फोनमध्ये ठेवा आणि ती *वाजत असताना* ऐका. उलट बाजूने, जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत टेपची स्वतःची सरसर असते. किशोरीताईंचे किंवा कुमारजींचे साठ-सत्तरच्या दशकातले काही लावून ‘हा डाँगल सूं करतो’ असा निकाल देणारे लोक मी पाहिले आहेत.

उत्तर : डब्याचा_दरवाजा

वरच्या दोघांनी विद्युतशास्त्र सांगितले, मी गर्दीचे शास्त्र सांगतो. फोनला रबराने बांधलेला ॲम्प घेऊन संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीत चढून पाहा. अंधेरीपर्यंत वायर कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकलेली असेल आणि फोनचे यूएसबी-सी तोंड वाकडे झालेले असेल. माझे एक झाले आहे. दुरुस्तीला फोन दोन दिवस गेला.

म्हणून आपल्या वापरासाठी मला दोनच पर्याय योग्य वाटतात. पहिला, ॲपलचा साधा यूएसबी-सी ते ३.५ मि.मी. डाँगल. दिसायला किरकोळ आहे, पण आउटपुट इम्पीडन्स एक ओहमच्या आसपास, गोंगाट अत्यंत कमी आणि वायर मऊ. अनेक अँड्रॉइड फोनांवर तो पूर्ण एक व्होल्ट देत नाही, त्याचा आतला व्हॉल्यूम खालीच अडकून राहतो, अशी त्याच्याविरुद्ध मोठी तक्रार असते. जड हेडफोनवाल्यांसाठी तो दोष आहे. आपल्यासाठी मात्र वरदान. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आवाजाच्या १५च पायऱ्या असतात, आणि २ व्होल्टच्या दणकट डाँगलवर आपल्याला त्यांतल्या तळाच्या दोन-तीनच वापरता येतील : एक फार हळू, दुसरी फार मोठी. कमी व्होल्टेजवर त्याच पायऱ्या कामाला येतात.

दुसरा पर्याय क्यूडेलिक्स-५के हा छोटा ब्लूटूथ ॲम्प. आपल्या बजेटमध्ये बसतो का ते चालू भावाने पाहावे लागेल. तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो, ब्लूटूथवर एलडॅक (जास्त तपशिलाचा आवाज पाठवण्याची पद्धत) घेतो, शर्टाच्या खिशाला चिमट्याने लागतो आणि फोन पिशवीत राहतो. त्याच्या ॲपमध्ये ३.५ मि.मी.साठी १ व्होल्ट आणि २ व्होल्ट अशी निवड आहे. आपण १ व्होल्टवर ठेवावे आणि ती खूण पुन्हा हलवू नये.

शिवाय धावत्या लोकलमध्ये दरवाजाजवळ २-३ मायक्रोव्होल्टची सरसर कुणालाच ऐकू येत नाही. तिथे ॲम्पपेक्षा कानातले रबरी बोंडूक योग्य मापाचे असणे कितीतरी जास्त उपयोगी, कारण बोंडूक सैल असले की माणूस रुळांच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलना ती वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलवर ऐकलेत तर आठवड्याचा कोटा पाच तासांत संपला. बोरिवली-चर्चगेट स्लो गाडीने तो बुधवारच्या आसपास संपेल.

बोरिवली_स्लो

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

रोधक यांनी सांगितल्याप्रमाणे बटण फिरवून पाहिले : ‘सूं’ जराही बदलला नाही. रविवारी मामेभाऊ घरी आला. डबी उघडली तर तपकिरी-काळा-नारिंगी असे पट्टे असलेले दोन रोधक अगदी सांगितलेल्या जागी बसले होते. ‘तुझ्या जुन्या हेडफोनसाठी मुद्दाम जास्त गेन ठेवला होता,’ असे म्हणून त्याने ते काढले आणि तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे लावले. वेळ लागला तो रोधकांना नव्हे, गंजलेला स्क्रू सोडवायला.

निःशब्द फाइल लावून रात्री साडेबाराला पंखा बंद करून ऐकले. सरसर पूर्ण गेली असे म्हणणार नाही. श्वास रोखला तर अजून जाणवते. गाणे सुरू झाले की मात्र ती उरत नाही.

प्रवासासाठी ॲपलचा डाँगल घेतला. माझ्या अँड्रॉइड फोनवर तो खरोखरच हळू वाजतो, आणि १५पैकी सातव्या-आठव्या पायरीवर माझे काम भागते. क्यूडेलिक्सचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. बोंडुके एक माप मोठी लावली. आता डाँगल लॅपटॉपलाही चालतो, त्यामुळे डबीची तशी गरज राहिलेली नाही, हे मामेभावाला अजून सांगितलेले नाही आणि सांगण्याचा विचारही नाही, कारण हाताने फिरवायचे बटण मला आवडते.

एक अनपेक्षित फायदा नोंदवतो. गेन कमी झाल्यामुळे मला बटण आता घड्याळाच्या आठऐवजी अकरा वाजेपर्यंत फिरवावे लागते, आणि तिथे डाव्या-उजव्या कानांतला फरक मला जाणवत नाही. आधी डावीकडे सरकलेला तानपुरा आता गायकाच्या मागे, बरोबर मध्ये बसला आहे.

रोधक

पॉटचे, म्हणजे त्या बटणाचे, दोन्ही कानांचे ट्रॅक अगदी तळाशी कधीच जुळत नाहीत, तिथून आपण वर आलात म्हणून. काढलेले रोधक डबीतच टेपने चिकटवून ठेवा. मोठा हेडफोन पुन्हा वापरावासा वाटला तर ते लागतील.