विषय: शनिवारची मॅच आणि ८५ चेंडू

मंडळी नमस्कार,

शनिवारी मैदानावर आपलीच बरीच घरं होती, म्हणून इथे लिहितोय. अकरा-बारा वर्षांच्या गटात पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) दिवसाला ८५ चेंडू, हा लिटल लीगचा, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचा, नियम पोरांनाही पाठ आहे. मागे आपल्यातल्या एका मुलाचे ८५ झाले, समोरच्या बॅटरची पाळी संपली आणि अंपायरने त्याला लगेच थांबवलं. योग्यच केलं. शनिवारी कोचचे चिरंजीव मात्र नव्वदी ओलांडून पुढची इनिंगही टाकत राहिले! विचारलं तर म्हणे, "मुलांचा खेळ आहे, जाऊ द्या." मग मागच्या वेळी काय मोठ्यांचा होता?

निकाल रद्द करा, असा अर्ज देतोय. सह्या कोण करणार?

---

काका,

सही माझी धरा, पण "निकाल रद्द करा" तेवढं काढा. शिकागोच्या जॅकी रॉबिन्सन वेस्ट या लिटल लीग संघाचं आठवतंय ना? २०१४ मध्ये अमेरिकेचे विजेते, पोरं व्हाइट हाउसला जाऊन आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये संघाला ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर राहणारी मुलं खेळवल्याबद्दल विजेतेपद काढून घेतलं. हद्दीचे नकाशे फिरवले मोठ्यांनी, किताब गेला पोरांचा.

आपला मुद्दा आकडा कोण मोजतं हा आहे. मोजणाऱ्याने अंपायरला सांगायचं, अंपायरने मॅनेजरला. कोणी सांगितलं नाही तरी पिचर बदलण्याची जबाबदारी मॅनेजरचीच. शनिवारी चेंडू मोजायचा क्लिकर होता कोचच्या मिसेसच्या हातात. (बाई सज्जन आहेत, पण स्वतःच्या लेकाचा ८६वा चेंडू कोणत्या आईला दिसतो!) दोन्ही संघांशी संबंध नसलेला माणूस आणि प्रत्येक इनिंगनंतर दोन्ही बाकांवर आकडा जाहीर, एवढंच मागा.

आणखी एक. पिचिंग संपल्यावर त्याच मुलाला कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलून परत फेकणारा) केलं, ते पाहिलंत? ४१ किंवा जास्त चेंडू टाकले की त्या दिवशी कॅचर होता येत नाही. खांदा बारा वर्षांच्या पोराचा आहे हो. आपल्या मुलावरचा अन्याय राहू दे बाजूला, हे आधी लिहा.

---

ताई,

कॅचरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज तुम्ही म्हणता तसा लिहितो. ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस विश्रांती, म्हणजे मंगळवारी त्याला पिचिंग नाही. हे कोचना आजच कळवतो, मैदानावर तमाशा नको. मंगळवारी आपली मॅच नाही, तेव्हा मोजायला मी बसतो. कोणाकडे जादा क्लिकर आहे का?